सिरिल डन्स्बीचं आवर्तन

चामडं बांधायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि या एवढ्याशा प्रश्नावर स्कार्नबीच्या घंटावाल्यांची सहावी बैठक चालली होती. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे पाद्रीबाईंचे झगे टांगलेले असतात तिथे, आठ माणसं अंगातले कोट न काढता बसली होती, कारण हीटर फक्त रविवारी लावायचा असा नियम होता. बिस्किटं संपली होती. चहा दोनदा झाला होता. एनिड ब्रॅमरचं डोकं मात्र पहिल्या चहालाच तापलं होतं.

घंटेच्या लोलकाला एका बाजूनं चामड्याची गादी बांधली की एक ठोका खणखणीत पडतो आणि दुसरा दबका, कुठून तरी लांबून आल्यासारखा. गावात कुणी गेलं की तसं बांधतात. लग्न असलं, राणीचा वाढदिवस असला की चामडं सोडून मोकळं वाजवतात. आता एकोणतीस मार्चला, शुक्रवारी रात्री अकरा वाजता देश युरोपच्या संघातून बाहेर पडायचा होता. त्या दिवशी दुपारी स्कार्नबीच्या मनोऱ्यात पूर्ण आवर्तन वाजवायचं हे जानेवारीतच ठरलं होतं. फक्त ते लग्नासारखं वाजवायचं की मयतासारखं, याचं घोंगडं दहा आठवडे भिजत पडलं होतं.

"मोकळं," टेरेन्स पॉकलिंग्टन म्हणाला. टेरेन्सचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, आवाज दुकानापेक्षा मोठा. मनोऱ्यात तो पाचवी घंटा वाजवायचा. "लोकांनी मत दिलंय. तीन वर्षं होत आली. मी काही कुणाच्या मयताला आलेलो नाही."

"मी आलेय," रोझलिंड कीबल म्हणाली. ही सहावीवर. तीस वर्षं गावच्या शाळेत फ्रेंच शिकवलेली, मुलगी फ्रान्सात ल्योंला दिलेली, नातवंडं तिकडंच. "माझी तयारी आहे. काळा कोटसुद्धा इस्त्री करून ठेवलाय."

"तुला काळा कोट कशाला लागतो, तुझं तोंड पुरे आहे."

"टेरेन्स," एनिड म्हणाली.

आठवी, सगळ्यात जड घंटा वाजवणारी ग्वेंडा मटणवाली मध्ये पडली. "अर्धा वेळ चामडं, अर्धा वेळ मोकळं करू या ना. दोघांचंही राहील."

"आणि मध्ये वर जाऊन चामडं सोडणार कोण? तू? घंटा फिरत असताना?" टेरेन्स म्हणाला. "डोकं फुटेल तुझं."

"मग एका घंटेला बांधू, बाकीच्या मोकळ्या ठेवू."

"कुठल्या घंटेला?" रोझलिंडनं विचारलं, आणि झालं, त्यावर पुढचा पाऊण तास गेला.

एनिड या मनोऱ्याची प्रमुख होती, अठरा वर्षं. आवर्तनात कुणी कधी वळायचं हे पुकारायचं काम तिचं. तिला वाटलं, घरी रेडिओ लावावा तर हेच, केस कापून घ्यायला बसावं तर हेच, आणि जिथं माणसं फक्त दोर ओढायला येतात तिथंही हेच. तिकडं संसदेत एकदा करार फेटाळला, दुसऱ्यांदा फेटाळला, आणि आता म्हणे तिसऱ्यांदा आणणार. करार नको, कराराशिवाय जाणंही नको, राहणंही नको. मग हवंय काय तुम्हाला? लहान पोर असं वागलं असतं तर एनिडनं त्याला जेवणावरून उठवलं असतं. तिनं स्वतः मत कुणीकडं दिलं होतं हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आताशा तर ती म्हणायची, मला माझंच आठवत नाही, आता जो हे संपवेल त्याला माझं मत.

या सगळ्यात एकच माणूस गप्प होता. सिरिल डन्स्बी. न लावलेल्या हीटरला पाठ टेकून बसलेला, कपातला चहा दोन्ही हातांनी धरलेला. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं विटांच्या भट्टीत काढली, तिथली धूळ आता छातीत बसली होती. नीट बोलता यावं म्हणून तो वाक्य अर्ध्यात तोडायचा. खोलीतल्या बाकीच्या सातही जणांच्या हातात पहिल्यांदा दोर त्यानंच दिला होता. एनिडच्या हातात दिला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि दोरानं तिला हातभर वर उचललं होतं.

आणि या सिरिलचं नाव मनोऱ्यातल्या फळीवर नव्हतं.

पूर्ण आवर्तन म्हणजे गंमत नव्हे. सात घंटा दर वेळी आपापसात जागा बदलत जातात, आठवी तळाला ठोका देत राहते. एकदा येऊन गेलेला क्रम पुन्हा येता कामा नये. असे पाच हजार चाळीस क्रम, सलग तीन तास, हातात कागद नाही, मध्ये घोटभर पाणी नाही. एवढं निर्दोष पार पडलं तर आठ जणांची नावं लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत रंगवून भिंतीला लावतात. सिरिलनं दुसऱ्या गावांत जाऊन अशी चौदा आवर्तनं वाजवली होती. स्वतःच्या मनोऱ्यात एकही नाही. राणीच्या रौप्य महोत्सवाला आवर्तन झालं त्या आठवड्यात त्याचं मनगट मोडलेलं. दोन हजार साल लागलं तेव्हा झालं, त्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. त्यानंतर चर्चच्या शेजारी धान्याची जुनी वखार पाडून फ्लॅट झाले आणि तिथल्या लोकांनी तक्रारी केल्या. तेव्हापासून पाद्रीबाईंनी नियम केला होता: पूर्ण आवर्तन वर्षातून एकदाच, आणि त्याला काहीतरी मोठं कारण हवं. गेली दोन वर्षं मंडळी पुरी नव्हती. यंदा आठ जण होते, कारण होतं, परवानगी होती, आणि सिरिलची छाती होती. तीही ईस्टरपर्यंतच, असं डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं आणि त्यानं फक्त एनिडला.

"सिरिल, तुम्ही सांगा," एनिड म्हणाली. "बांधायचं की नाही?"

सिरिलनं कप खाली ठेवला. "बांधा, सोडा," तो म्हणाला. मग दम घेतला. "पण वाजवा."

 मग टेरेन्स म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे," आणि रोझलिंड म्हणाली, "निदान एवढ्यावर तरी आमचं एकमत आहे."

एकोणतीस तारीख आलीच नाही. म्हणजे कॅलेंडरवर आली, पण आठवडाभर आधीच ब्रसेल्सला ठरलं की आता बारा एप्रिल. टेरेन्सनं दुकानाच्या काचेवर लावलेला झेंडा उतरवला नाही, पण त्या दिवशी त्याच्याकडं बटाट्याचं बियाणं घ्यायला गेलेल्या तिघांना त्यानं चुकीची पोती दिली. रोझलिंडनं केक केला आणि तो कुणालाच दिला नाही, कारण आनंद मानायचा की नाही हे तिचं तिलाच कळेना. एनिडनं पाद्रीबाईंना फोन करून बारा तारखेची परवानगी मागितली. ती मिळाली. त्यानंतर लगेच सातवी बैठक झाली, कारण चामड्याचं राहिलंच होतं.

या तीन आठवड्यांत सिरिल दर मंगळवारी सरावाला यायचा. मनोऱ्याला त्रेपन्न दगडी पायऱ्या, गोल गोल, अरुंद, एका बाजूला धरायला जाड दोर. जानेवारीत तो तिथं मध्ये फक्त एकदा थांबायचा. मार्चच्या शेवटी तो तीनदा बसायला लागला. चाळीस वर्षं त्यानं आठवी, जड घंटा वाजवली. आता ती ग्वेंडाला दिली होती आणि तो पहिलीवर, सगळ्यात हलक्या घंटेवर आला होता. हात मात्र तेच होते. दोर त्याच्या हातून असा सुटायचा आणि यायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला काही करावंच लागत नाही.

"तुम्ही बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं ना?" एकदा पायरीवर शेजारी बसून एनिडनं विचारलं.

"हो."

"अजून तेच वाटतं?"

सिरिल बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "मत दिलं तेव्हा," तो म्हणाला, "हा जिना मी एका दमात चढत होतो."

अकरा एप्रिलला सकाळी सहाच्या बातम्यांत सांगितलं की पहाटेपर्यंत बैठक चालली आणि आता एकतीस ऑक्टोबर. भुताखेतांच्या सणाचा दिवस. एनिड अंडं उकडत होती. तिनं रेडिओचं बटण फिरवलं नाही, तारच ओढली. तिचा नवरा जिना उतरून आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला तर ती म्हणाली, "काही झालेलं नाही. हेच तर झालंय, काही झालेलं नाही. सत्तावीस देशांची माणसं रात्रभर जागली, सरकारी गाड्यांतून गेली, सरकारी जेवण जेवली, आणि ठरवलं काय, तर आत्ता नाही ठरवायचं. मी माझ्या दुकानात अशी एक बाई ठेवली नसती." तिचं दुकान कधीच नव्हतं. पण नवऱ्यानं ते तिला सांगितलं नाही.

ती सरळ सिरिलच्या घरी गेली. तो खिडकीशी बसला होता, गुडघ्यावर गोधडी, शेजारी ऑक्सिजनची बाटली. तिच्याकडं बघूनच त्याला कळलं.

"कधी?" त्यानं विचारलं.

"ऑक्टोबर."

त्यानं मान हलवली, दुधवाला आला नाही असं ऐकल्यावर हलवतात तेवढीच. मग म्हणाला, "तेव्हा रोझलिंडचा भाचा घ्या पहिलीवर. पोराचा हात बरा आहे."

एनिडच्या डोक्यात तिडीक गेली. त्याचा राग नव्हे, त्याच्यासाठी आलेला राग. इतकी वर्षं सगळ्यांना हातात दोर देत राहिलेला हा माणूस, आणि आपली जागा सोडताना याला काळजी कशाची, तर ती भरायची कुणी याची.

"परवा वाजवायचं," ती म्हणाली. "शनिवारी. तुम्ही पहिलीवर."

"कशासाठी?"

"शनिवार आहे म्हणून."

"माझ्यासाठी असेल तर नको, पोरी. जिवंत माणसासाठी वाजवायला मी काय राजा आहे?"

"तुमच्यासाठी नाही. मला वाजवायचंय. माझं डोकं फिरलंय आणि मला तीन तास दोर ओढायचाय. येणार असाल तर दुपारी एकला या, नसाल तर तुमचा तुम्ही बघा." असं बोलल्यावर तिला वाटलं आपण फार लागट बोललो, पण सिरिल हसत होता. हसल्यानं त्याला खोकला आला आणि तो थांबायला चांगला वेळ लागला.

पाद्रीबाई कपाळाला हात लावून बसल्या. पुढचा आठवडा ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, त्यात घंटा वाजवत नाहीत, हे खरं. ईस्टरनंतर बघू म्हणता आलं असतं, तेही खरं. "पण एनिड, फ्लॅटवाल्यांना मी लेखी दिलंय, वर्षातून एकदाच, तेही बाहेर पडायच्या दिवशी. त्यांना काय सांगू?"

"सांगा, तो दिवस कधीच येणार नाहीये," एनिड म्हणाली. "आणि आला तर मी स्वतः एकेकाच्या दारात जाऊन माफी मागेन. तोपर्यंत एक माणूस मरतोय, बाई. तो तारखा पुढं ढकलत नाहीये."

पाद्रीबाईंनी शनिवार दिला.

तुम्हाला वाटेल, आता तरी चामड्याचा प्रश्न सुटला. बाहेर पडायचा दिवसच नाही, तर लग्न कसलं नि मयत कसलं. एनिडलाही तसंच वाटलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, उद्या एक वाजता, मोकळ्या घंटा, सिरिल पहिलीवर.

"एक मिनिट," टेरेन्स म्हणाला. "बारा तारखेला जायचं ठरलं होतं. गेलो नाही. आणि दुसऱ्याच दिवशी आपण मोकळ्या घंटा वाजवायच्या? म्हणजे गावाला काय वाटेल? न गेल्याचा आनंद करतोय?"

"उलट," रोझलिंड म्हणाली, "लोकांना वाटेल गेलोच. मोकळ्या घंटा म्हणजे तुझाच विजय. मला हे आधी लेखी हवं की हे वाजवणं कशाचंच नाही."

"कशाचंच नाही म्हणजे? मग वाजवायचं कशाला?"

एनिडनं दोघांकडं पाहिलं. दोघंही साठी ओलांडलेली, दोघंही तिला नुसत्या चपलांवरून ओळखू यावीत इतकी जुनी ओळख. तिच्या घरात अडचण आली तेव्हा दोघंही धावून आली होती. आणि या क्षणी तिला दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

"ऐका," ती म्हणाली. "तुमच्या त्या भांडणात माझा एक पैसा गुंतलेला नाही. तुम्ही बाहेर पडा, आत या, उंबऱ्यात आडवे पडा. मला उद्या आठ माणसं हवीत. सिरिलला ईस्टरनंतर हा जिना चढता येणार नाहीये. हे त्यानं तुम्हाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं, मी सांगितलं, झालं. आता ज्याला यायचं नसेल त्यानं ते उद्या एक वाजता पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून त्याच्या तोंडावर सांगावं. मला नको."

 टेरेन्सनं टोपी फिरवली. रोझलिंडनं डोळे पुसले आणि पर्स बंद केली. शनिवारी एक वाजता आठही जण हजर होते.

जिना चढताना सिरिल चार ठिकाणी बसला. बाटली खालीच ठेवली. वर आल्यावर त्यानं कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वळल्या आणि भिंतीवरच्या दोन फळ्यांकडं एकदाही पाहिलं नाही. एनिडनं ते पाहिलं.

"तयार?" तो म्हणाला. पहिली घंटा वाजवणाऱ्यानंच ते म्हणायचं असतं. "चला."

पहिला तास छान गेला. दुसरा त्याहून. घंटांचा आवाज एकमेकींना धक्का न लावता पुढं चालला होता. मनोरा त्यांच्या वजनानं जरासा झुलत होता, चांगलं वाजत असलं की झुलतो तसा. खोलीत फक्त दोरांची सळसळ आणि एनिडचे पुकारे. सिरिलचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ निळसर, पण हात तसेच, घड्याळासारखे. दोन तास झाले तेव्हा एनिडच्या मनात पहिल्यांदा आलं की हे होणार. तिनं लगेच तो विचार झटकला, कारण अशा विचारात असताना माणूस मोजणी चुकतो.

दोन तास बावीस मिनिटं झाली तेव्हा पाचवी आणि सहावी समोरासमोर आल्या. या आवर्तनात अशा जागा सारख्या येतात. दोन घंटांनी एकमेकींना वाट द्यायची असते: आधी तू, मग मी, मग पुन्हा तू, आणि मग आपापल्या दिशेनं जायचं. दुपारपासून टेरेन्स आणि रोझलिंडनं हे शेकडो वेळा केलं होतं. या खेपेला दोघंही एकदमच पुढं झाली. दोन ठोके एकमेकांवर आदळले, मग तो तिच्या जागी गेला आणि ती त्याच्या.

एनिडच्या कानाला ते लगेच टोचलं. असं होतं. लगेच दुरुस्त केलं तर काही बिघडत नाही.

"पाच, सहा, जागा बदला," ती म्हणाली.

कुणी बदलली नाही.

"पाच आणि सहा. अदलाबदल."

"मी माझ्या जागी आहे," टेरेन्स म्हणाला. दोर हातात असताना प्रमुखाशिवाय कुणी बोलायचं नसतं. सव्वादोनशे वर्षांत या खोलीत ते फार थोड्यांनी मोडलं असेल.

"मी माझ्या," रोझलिंड म्हणाली. "त्याला सांग."

"टेरेन्स, रोझलिंड, मी सांगतेय ते करा. बदला. आत्ता."

"चूक तिची आहे."

"मी का हलू? तो हलू दे आधी."

घंटा चालल्याच होत्या. दर दोन सेकंदांनी एक क्रम जात होता आणि दर क्रम खोटा होता. बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं. चौकात भाजी घेणाऱ्यांना ते मघाइतकंच गोड वाटत असणार. खोलीतल्या दोघा-तिघांच्याही लक्षात आलं नसावं. एनिडला वाटलं, गप्प राहावं. उरलेला पाऊण तास जाऊ द्यावा, शेवटी ठोके नीट जुळतील, सिरिलचं नाव फळीवर लागेल, आणि ही दोघं आपापल्या परीनं बरोबर होती असं समजत म्हातारी होतील. कुणाचं काय जातंय? तिनं सिरिलकडं पाहिलं. तो समोर बघत होता, दोराकडं. त्यानंच तिला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं की खोटं आवर्तन पुरं करण्यापेक्षा खरं अर्ध्यात टाकावं, आणि तेव्हा ती रडत घरी गेली होती. तो ऐकत असणार. त्याचे कान अजून तिच्यापेक्षा चांगले होते.

तिनं आणखी दोनदा सांगितलं. पाचव्यांदा सांगताना तिचा आवाज फुटला.

"थांबा," ती म्हणाली.

दोर थांबले. वर घंटा एकेक करून उभ्या राहिल्या. दोघांपैकी आधी कोण चुकलं हे एनिडला पक्कं माहीत होतं, आणि ते तिनं पुढं कधीही कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. खाली चौकात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्याला वाटलं असेल, संपलं.

"तू वाट दिली असतीस तर—" टेरेन्स म्हणाला.

"मी? तीन वर्षं झाली, तू कुणाला वाट दिली आहेस?"

ग्वेंडा दोर हातात धरून हुंदके देत होती. बाकीचे भिंतीकडं बघत होते. सिरिलनं आपला दोर गुंडाळून खुंटीवर अडकवला, नेहमीसारखा, दोन वेढे आणि एक गाठ. मग बाकावर बसला. त्याची छाती सदऱ्याच्या आत जोरजोरात वरखाली होत होती.

त्याच्याकडं बघून दोघांचीही तोंडं उतरली. खरोखर उतरली, एनिडनं पाहिलं. दोघं वाईट माणसं नव्हती. तोच तर संताप होता.

"पुन्हा करू," टेरेन्स म्हणाला. "सिरिल, पुन्हा करू आपण. मी शब्द देतो. पवित्र आठवडा संपला की लगेच. सत्तावीस तारखेचा शनिवार कसा वाटतो?"

"सत्तावीसला लग्न आहे इथं," रोझलिंड म्हणाली. "चार मे?"

"चार मे सुट्टीचा शनिवार, तेव्हा दुकान बंद नाही ठेवता येत. अकरा?"

"अकराला मी ल्योंला असेन. अठरा."

"अठराला पाद्रीबाई देतील? त्यांना विचारावं लागेल. आणि त्याआधी एकदा बसून नीट ठरवू, कुणी कुणाला वाट द्यायची ते. मंगळवारी बैठक घेऊ."

एनिडला त्यांच्यावर ओरडायचं होतं. आयुष्यभर पुरेल एवढं तिच्या घशाशी आलं होतं: की तुम्हाला लाज नाही, की संसदेतल्या त्या सहाशे पन्नास जणांना तुम्ही शिव्या देता आणि त्यांच्या जागी तुम्हाला बसवलं तर अगदी हेच कराल, हेच केलंत, माझ्या डोळ्यांसमोर केलंत. पण सिरिल उठून उभा राहिला होता आणि त्याला खाली न्यायचं होतं.

टेरेन्स हात द्यायला पुढं आला, रोझलिंडही दुसऱ्या बाजूनं आली. सिरिलनं दोघांचेही हात हलकेच बाजूला केले. "एनिड," तो म्हणाला.

म्हातारी माणसं तो जिना पाठमोरी उतरतात, शिडी उतरल्यासारखी. एनिड त्याच्या खाली गेली. एकेक पायरीवर त्याचा बूट धरून ती नीट दगडावर ठेवत होती, आधी डावा, मग उजवा. अठराव्या पायरीवर तो बसला. त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. बाटली तळाशी होती. ती आणायला ती निघाली तर त्यानं तिची बाही धरली.

"पहिलीकडून," तो म्हणाला. थांबला. "माझ्याकडून चुकलं का, पोरी?"

एनिडला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मग कळलं. इतका वेळ, बदला बदला म्हणून ती ओरडत असताना, ते दोघं भांडत असताना, त्याला छातीच्या आवाजापुढं धड ऐकूच येत नव्हतं. त्याला वाटत होतं आपणच कुठंतरी मागं पडलो, आणि ही सगळी मंडळी आपल्याला सांभाळून घेतायत.

"नाही," ती म्हणाली. "तुमचा एकही ठोका इकडचा तिकडं झाला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"नक्की?"

"नक्की, सिरिल. तुमच्याकडून नाही."

त्यानं डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं. ती त्याचा बूट हातात धरून तशीच खालच्या पायरीवर बसून राहिली. वर अजून तारीख ठरत होती.